हुसेनबीचा पिवळा गहू

बांधावरचे पांढरे दाणे हुसेनबीनं ओल्या तळहातावर घेतले. दाणे विरघळताना तळहात गारठला. युरियाच होता.

"ह्यो कुनी टाकला?"

तिचा नवरा सिकंदर पाटाकडं बघत राहिला. "गहू पिवळा पडलाय, दिसंना व्हय तुला? काल तू आष्ट्याला गेलीस, तवा इस्कटला. पानीबी दिलं."

आज सेंद्रिय गटाची तपासणी होती. नऊ बायकांनी तीन वर्षं रासायनिक खत न टाकता त्यासाठी काढली होती. पावसाळ्यात रान मोकळं ठेवलं, तर शेणखतातलं नत्र पाण्याबरोबर खाली झिरपून जातं. म्हणून हुसेनबीनं गव्हाआधी बाजरी पेरली होती. बाजरीनं ते नत्र धरून ठेवायचं, आणि कोवळेपणीच तिला गाडली की ते गव्हाला मिळायचं. पण ट्रॅक्टर पंधरा दिवस उशिरा आला आणि ताटं निबर झाली. आता ती कुजताना मातीतलंच नत्र ओढत होती आणि गहू उपाशी राहत होता.

"भामाआक्का म्हनल्या व्हत्या, म्हयनाभर दम धरा. व्हतोय हिरवा."

"आन न्हाई झाला मंग?" सिकंदरचा आवाज कापला. तो भांडत नव्हता, भ्याला होता.

"कुनाला बोलू नगंस," तो म्हणाला. "रानातला इरघळलाय. एवढं येचून टाकू."

दोघं उकिडवे बसून दाणे वेचू लागले. एकेक दाणा मातीत लपल्यासारखा सापडत होता. तेवढ्यात भामाबाईंचा आवाज आला. गटाच्या त्या प्रमुख. मागून तपासणीच्या अंकितामॅडम कागद घेऊन येत होत्या. हुसेनबीनं मूठ मिटली.

"बाहेरचं काही टाकलंय का रानात?" मॅडमनी विचारलं.

भामाबाईच हसून म्हणाल्या, "आवं, हुसेनबी असलं काय करायची न्हाई."

मुठीत दाणे घामानं विरघळत होते. खोटं उद्या उघडं पडलं, तर नऊ जणींचा गहू अडकणार. तिनं मूठ उघडली.

"युरिया हाय. माझ्याच रानात. बाकीच्या आठ जनींचा काय संबंद न्हाई."

"कुणी टाकला?"

सिकंदरनं मान खाली घातली.

"रान माझ्या नावावर हाय," ती म्हणाली. "म्या टाकला म्हनून लिवा."

मॅडमनी लिहिलं: हे रान बाद, पुन्हा पहिल्या वर्षापासून. हुसेनबीनं सही केली, अक्षर वेडंवाकडं आलं. भामाबाई चहाला थांबल्या नाहीत.

पुढं महिन्याभरात गहू हिरवागार झाला. एका सकाळी सिकंदर चालत रानाच्या पार वरच्या टोकाला गेला. त्या दिवशी युरियाचं पोतं तिथवर पुरलं नव्हतं. तिथला गहूही तेवढाच हिरवा होता, तेवढाच उंच.

हुसेनबीनं भाकरी खायला हाक मारली. तो पाठमोरा, गव्हाच्या पातीवर हात ठेवून तसाच उभा राहिला.