पंजापासून गुडघ्यापर्यंत

मी एक जुनी ताणपट्टी आहे, मित्रांनो. सुताची, पण ओढली की लांबणारी. १९७८ साली वर्ध्याच्या एका दवाखान्यातून मी अल्लीपूरच्या श्रावणजींकडे आले.

श्रावणजी बसथांब्याजवळच्या आपल्या हॉटेलात दिवसभर कढईसमोर उभे राहून भजी तळायचे. डाव्या घोट्याच्या वर, आतल्या बाजूला त्यांना जखम झाली होती. हळद झाली, कडुलिंब झाला, दोन वर्षं जखम हटेना. वास येऊ लागला, तशी गिऱ्हाइकं पाठ फिरवू लागली. पाय कापावा लागेल, असंही कोणी म्हणालं.

वर्ध्याच्या त्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या पावलावरची नाडी चाचपली. "रक्त खाली नीट पोचतंय, पण वर चढत नाही. शिरांमधल्या झडपा ढिल्या झाल्यात. रक्त घोट्याशी तुंबतं, म्हणून ही जखम," असं म्हणत त्यांनी मला पुढे केलं.

"मंग मलम द्या ना बाई. हे फडकं काऊन?"

"नुसतं मलम काय करील? तुंबलेलं रक्त ही पट्टी वर ढकलेल."

मला काय अभिमान वाटला! पण घरी श्रावणजींनी मला फक्त जखमेवर करकचून गुंडाळलं. बोटं निळी पडली. त्यांनी मला चिडून खुंटीवर फेकलं. महिनाभर मी तिथे लोंबकळले, आणि जखम वाढत गेली.

शेवटी त्यांची बायको शोभाबाई मला घेऊन वर्ध्याला गेली आणि बांधायला शिकून आली. सकाळी, ते खाटेवरून उतरायच्या आधी, तिनं पंजापासून सुरुवात केली. घोट्याशी घट्ट, वर जाताना सैल, गुडघ्याखाली शेवट.

"दुखून राह्यलं का?"

"नाई. पाय हलका वाटते."

"मंग फिरून या. अन् दुपारी पाय उशीवर ठेवजा."

पाच महिन्यांत जखम भरली. नवी कातडी पाहून श्रावणजींच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता पट्टी कायले?" ते म्हणाले.

"जखम भरली, शिरा तशाच हायेत," शोभाबाईनं बजावलं.

धुऊन धुऊन माझा ताण गेला, तेव्हा माझ्या जागी नवी पट्टी आली. मला मात्र शिकवणीचं काम मिळालं. शाळेत दिवसभर उभ्या राहणाऱ्या लीलाबाईंना डॉक्टरांनी पट्टी दिली, तेव्हा ती कशी बांधायची हे श्रावणजींनीच मला आपल्या पायावर बांधून दाखवलं.

मित्रांनो, घरात कुणाचा पाय संध्याकाळी सुजत असेल, घोट्याजवळ काळवंडला असेल, तर त्यांची विचारपूस करा. आमच्यासारखी पट्टी मनानं बांधू नका, आधी डॉक्टरांकडून पावलाची नाडी तपासून घ्या; रक्त खालीच पोचत नसेल, तर पट्टीनं अपाय होतो. आणि लाजून झाकलेला पाय जखम व्हायच्या आत डॉक्टरांना दाखवा. आणि जखम झालीच, तरी ती भरते, हे मी स्वतः पाहिलं आहे.