समोरच्याला म्हणायचं नाही

काचेपलीकडून संपादकांचा आवाज आला तेव्हा माझं डोकं आधीच तापलं होतं. "आजी, साधं क्रियापद आहे हो. मरणे. म्हणून टाका."

म्हणून टाका म्हणे! माझ्या सासूबाई माइकसमोर ताठ बसल्या होत्या आणि तोंड उघडायला तयार नव्हत्या.

आमचा बोलता शब्दकोश आहे, लॅटिनच्या पोटी जन्मलेल्या भाषांचा. एकेक क्रियापद घ्यायचं आणि प्रत्येक भाषेतल्या माणसाने ते मी, तू, तो असं चालवून दाखवायचं. शब्द कोरडे वाटू नयेत म्हणून 'तू' म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, ही संपादकांचीच टूम. इटालियन मोरिरे झालं, स्पॅनिश मोरिर झालं, फ्रेंच मुरीर झालं. त्या मंडळींनी हसत हसत समोरच्याला मारलं आणि कॉफी पिऊन गेली. राहिली सासूबाईंची, त्याच कुळातली डोंगरातली बोली. ती बोलणाऱ्या त्या एकट्याच उरल्यात. समोरच्या खुर्चीत मी होते.

'मी मरते' त्या ठणठणीत म्हणाल्या आणि 'तू'पाशी अडल्या. त्यांच्या गावात 'तू मरतेस' असं कुणाच्या तोंडावर म्हणत नाहीत. भांडताना नाही, थट्टेत नाही, कुत्र्यालासुद्धा नाही.

संपादक म्हणाले, एक रूप गाळलं तर तक्ता अपुरा राहतो, आणि अपुरी बोली कोशात घेता येणार नाही. नाहीतर शेजारच्या भाषांवरून ते रूप आपणच बनवू आणि यंत्राच्या आवाजात घालू. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांनी अख्खा हिवाळा इथे घसा कोरडा केला, त्यांची बोली एका रूपापायी बाहेर? आणि गावात कधी कुणी कुणाला म्हटलं नाही, ते यंत्र म्हणणार? हे सगळं मी त्यांना सुनावलं, आवाज चढवून सुनावलं. नोकरी गेली तर गेली.

सासूबाईंनी माझा हात दाबला. मग काचेकडे बघून म्हणाल्या, "साधं आहे ना? मग तुम्ही बसा समोर."

संपादक हसतच आत आले आणि माझ्या खुर्चीत बसले. सासूबाईंनी चष्मा पुसून नीट चढवला. संपादकांच्या डोळ्यांत डोळे घालून श्वास घेतला. ओठ उघडले. संपादकांचं हसू मावळलं. त्यांनी मान खाली घातली आणि माइकवर हात ठेवला.

"राहू द्या, आजी."

बोली कोशात राहिली, ती जागा रिकामी राहिली. तिथली टीप मी लिहिली: समोरच्याला असं म्हणत नाहीत.

तरी माझा राग उतरेना. जिना उतरताना मी संपादकांच्या नावाने खडे फोडत होते. सासूबाई कठडा धरून माझ्या मागून येत होत्या.

"त्याला काय बोल लावतेस," त्या म्हणाल्या. "लग्न होऊन आलीस तेव्हापासून तुला म्हणायला कितीदा जिभेवर आलं असेल गं. दर वेळी गिळलं."