कर्जदाराच्या घरचा चहा

नूरीच्या अब्बांची एक सवय दुबईतल्या अख्ख्या अल मनखूलमध्ये चेष्टेचा विषय होती. त्यांच्या फंडाने ज्याला कर्ज दिलं, त्याच्या घरचा ते चहासुद्धा घेत नसत. चहाचं सोडा. ऑगस्टच्या भट्टीत कुणी शेजारी गाडी थांबवून दार उघडलं, आतून एसीची गार झुळूक आली, तरी बदरुद्दीन खतीब आधी वाकून बघायचे की चालवणारा कोण. फंडाचा कर्जदार निघाला की सलाम करायचे, घरच्यांची विचारपूस करायचे आणि घामाने पाठीला चिकटलेला शर्ट सावरत पायी पुढे निघायचे.

"अब्बा, लिफ्ट म्हणजे काय व्याज असतं?" नूरीने एकदा विचारलं. तिला हसू आवरत नव्हतं.

"कर्ज दिलं म्हणून मला जे मिळतं ते सगळं व्याज," अब्बा म्हणाले. "दिरहम असो की गार हवा."

हा फंड दापोली-खेडकडच्या दहा-बारा मुसलमान घरांनी दुबईत मिळून चालवलेला. पगारातून थोडं थोडं बाजूला टाकायचं आणि त्यातून गरजू मुलांची कॉलेजची फी भरायची. कर्जे-हसना, म्हणजे अल्लाच्या नावाने दिलेलं बिनव्याजी कर्ज. मुलाने शिकावं, नोकरीला लागावं, मग जमेल तसं परत करावं. २००८ संपता संपता शहरातल्या क्रेन जागच्या जागी थबकल्या आणि मागणाऱ्यांची रांग एकदम वाढली. त्या रांगेत त्यांच्याच बिल्डिंगमधले, तिसऱ्या मजल्यावरचे अहमदचाचा होते. बांधकाम कंपनीत साइट सुपरवायझर, आणि एका सकाळी नोकरी खलास. पुढे एका गोदामात अर्ध्या पगारावर लागले, पण त्यांची अन्वरी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि कॉलेज काही अर्ध्या फीवर शिकवत नव्हतं. फंडाने तिची फी उचलली.

पुढच्या वर्षी ईदला अन्वरीच्या आईने सांदणांचा डबा वर पाठवला. नूरीने झाकण काढून वास घेतला, एक सांदण उचललंही, तेवढ्यात अब्बांनी डबा काढून घेतला आणि स्वतः खाली जाऊन परत देऊन आले.

"त्या बाईला काय वाटलं असेल," अम्मी म्हणाली.

"कर्जाच्या आधीपासून ताटं येत-जात असती तर मीच दोन खाल्ली असती. आपली ओळखच कर्जाने झाली. फिटू दे, मग मागून खाईन."

"तोवर अन्वरीला नातवंडं होतील," अम्मी पुटपुटली, आणि नूरी खो खो हसली.

नूरी दहावीत होती, आणि आपल्याला बोलता येतं असा शोध तिला त्याच वर्षी लागला होता. नववीपर्यंत टीचरने नाव पुकारलं की बाकाखाली शिरावंसं वाटणारी ही पोरगी. एकदा कुणाच्या बदली म्हणून तिला स्टेजवर ढकललं आणि ती बोलत सुटली ती सुटलीच. आता ती लिफ्टमध्ये बोलायची, वॉचमनशी बोलायची, कुणीच नसलं तर आरशाशी बोलायची. ऑक्टोबरच्या सुरुवातीला शाळा-शाळांची वक्तृत्व स्पर्धा होती. विषय होता, ही मंदी कुणी आणली. नूरीने सगळ्यांच्या आधी नाव दिलं. अडचण एवढीच होती की तिला बोलता येत होतं, पण काय बोलायचं ते माहीत नव्हतं.

अन्वरीला माहीत होतं. अन्वरी पेपर वाचायची, वडिलांची नोकरी कशी गेली ते तिने जवळून पाहिलं होतं, आणि तिचं इंग्रजी असं की नूरीच्या टीचरलासुद्धा दोन वेळा ऐकावं लागलं असतं.

"आपा, मला भाषण लिहून दे ना. प्लीज. छोटंसं."

अन्वरी पुठ्ठा कापत होती. कॉलेजसाठी एका वाचनालयाचं मॉडेल करायचं होतं, खिडक्या, जिने, पायऱ्या सगळं हाताने. तिने मान वर केली, क्षणभर नूरीकडे बघितलं आणि म्हणाली, "बदरुद्दीनचाचांच्या मुलीला नाही कसं म्हणणार?"

नूरीला ते कौतुक वाटलं.

मग रोज संध्याकाळी नूरी तिसऱ्या मजल्यावर. अन्वरी लिहायची, खोडायची, नूरीकडून म्हणवून घ्यायची. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हात कुठे ठेवायचे. कटर टेबलावर तसाच पडलेला असायचा. नूरी वर आली की अब्बांचा प्रश्न ठरलेला.

"खाली काही खाल्लंस?"

"पाणीसुद्धा नाही, अब्बा." आणि हे अगदी खरं होतं. स्वतःच्या खरेपणावर नूरी इतकी खूश असायची की विचारू नका.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी नूरीने आरशापुढे चारदा भाषण म्हणून पाहिलं. स्टेजवरून अन्वरी दिसली नाही तर आपण मध्येच विसरणार, अशी तिची खात्रीच पटली.

"तू पहिल्या रांगेत बसायचंस, आपा."

"उद्या संध्याकाळी? नूरी, परवा सकाळी माझं मॉडेल द्यायचंय. छप्पर व्हायचंय अजून."

"एक संध्याकाळ तर आहे."

"नाही गं जमायचं. खरंच."

आणि तेव्हा नूरी ते वाक्य बोलून गेली. हसत बोलली, लाडात बोलली, अन्वरीच्या गळ्यात हात टाकून बोलली. "अब्बा तुझ्यासाठी एवढं करतात, तू एक संध्याकाळ नाही देऊ शकत?"

अन्वरी हसली नाही. तिने बोटाला चिकटलेला सुकलेला गोंद खरवडून काढला आणि म्हणाली, "किती वाजता निघायचंय?"

दुसऱ्या संध्याकाळी ती पहिल्या रांगेत बसली होती. नूरी बोलत होती आणि समोर अन्वरीचे ओठ तेच शब्द बिनआवाजी म्हणत होते. "ही मंदी लोभाने आणली. घेणाऱ्याच्या गरजेवर देणाऱ्याने एक दाणाही जास्तीचा कमवू नये, एवढं साधं आपण विसरलो." इथे टाळ्या पडणार असं अन्वरी म्हणाली होती. पडल्या. शेवटच्या रांगेत अब्बा उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि डोळे पुसत होते. पहिलं बक्षीस नूरीला. फोटो, परीक्षकांची भाषणं, आभार, सगळं लांबलं. यल्ला यल्ला, चला चला करत सगळे निघाले तेव्हा अन्वरी गाडीत डोकं काचेला टेकून गप्प बसली होती. नूरीने ते पाहिलं. पाहिलं आणि मांडीवरच्या ट्रॉफीकडे वळली.

महिन्याभराने जुम्याच्या नमाजनंतर फंडाची माणसं खतीबांच्या हॉलमध्ये जमली. नूरी चहाचा ट्रे घेऊन आली. शोकेसमध्ये ट्रॉफी चकाकत होती, आणि नूरुद्दीनचाचा, ज्यांच्या गमतींनी फंडाच्या कमिटीतली भांडणं विरायची, तिच्याकडे बोट करून म्हणाले, "आली आमची वकीलसाहेब. चाचाला साखर कमी घातलीस की त्यावरही भाषण देणार?"

नूरी हसली. ट्रे घेऊन वळली, आणि मागून अब्बांचा आवाज आला.

"आता अहमदची मुलगी. मॉडेलच्या विषयात नापास झालीय. फीच्या पुढच्या हप्त्याचं काय करायचं?"

नूरी दाराशीच थांबली.

नियम सगळ्यांना पाठ होता. मुलगा अभ्यास करत नसेल तर हप्ता थांबवायचा आणि तो पैसा रांगेतल्या पुढच्याला द्यायचा. यंदा रांग जिन्यापर्यंत गेली होती. हप्ता थांबला तर जानेवारीत अन्वरीचं कॉलेज बंद, हेही सगळ्यांना कळत होतं.

"पोरगी हुशार आहे," नूरुद्दीनचाचा म्हणाले. "काही कारण असेल. आजारी होती का?"

"मी विचारलं," अब्बा म्हणाले. "अर्धवट मॉडेल दिलं म्हणाली. छप्परच नव्हतं. का म्हटलं, तर म्हणते, माझीच हलगर्जी झाली, चाचा. दुसरा शब्द नाही." त्यांनी मान हलवली. "आमची नूरी रोज तिच्याकडे जाऊन बसायची. नूरीला बघून तरी शिकायचं तिने. नूरीने बघा, एकटीने तयारी करून..."

 नूरीला वाटलं, आता किचनमध्ये जावं, नळ सोडावा, कप घासावेत, मोठा आवाज करावा. अन्वरीने नाव घेतलं नव्हतं. कधी घेणारही नव्हती. नूरी गप्प बसली तर जगात कुणालाही काही कळणार नव्हतं, आणि हाच विचार तिला सर्वांत घाणेरडा वाटला.

"अब्बा, भाषण आपाने लिहिलं होतं."

सगळे वळले. ती बोलायला लागली आणि तिचा तो नवा, खणखणीत आवाज कुठे गेला ते तिचं तिलाच कळेना. "सगळं तिने लिहिलं. रोज तिने शिकवलं. मॉडेल द्यायच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्याबरोबर होती."

"मग काय झालं?" नूरुद्दीनचाचा लगेच म्हणाले. "दोन पोरींची दोस्ती. मदत केली बिचारीने. बदरुद्दीन, पोरीला धमकावू नकोस. हे कारण पुरेसं आहे, हप्ता देऊन टाकू."

वाट मोकळी झाली होती. नूरीला फक्त मान डोलवायची होती.

अब्बांनी हातातला कप खाली ठेवला. "तिने आपणहून केलं, की तू मागितलंस?"

"मागितलं."

"तिने नाही म्हटलं नाही?"

"भाषणाला हो म्हणाली. स्पर्धेला ये म्हटलं तेव्हा नाही म्हणाली." नूरीने ट्रे छातीशी घट्ट धरला. "मग मी म्हटलं, अब्बा तुझ्यासाठी एवढं करतात, तू एक संध्याकाळ नाही देऊ शकत?"

 नूरुद्दीनचाचांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

अब्बा रागावले असते तर बरं झालं असतं. ते शोकेसमधल्या ट्रॉफीकडे बघत जणू स्वतःशीच बोलले, "मी सांदणं परत करत बसलो."

त्यांनी कमिटीला सांगितलं की या बाबतीत आपण मत देणार नाही, बाकीच्यांनी ठरवावं, आणि ते उठून बाल्कनीत जाऊन उभे राहिले. बाकीच्यांनी ठरवलं. हप्ता चालू ठेवायचा, जानेवारीत अन्वरीने मॉडेल पुन्हा नव्याने करून द्यायचं.

सगळे गेल्यावर नूरी बाल्कनीच्या दाराशी आली. "परत कसं करायचं, अब्बा?"

"पैसे असते तर सांगितलं असतं," अब्बा म्हणाले. "संध्याकाळ कशी परत करतात, मला माहीत नाही."

नूरी तिसऱ्या मजल्यावर गेली. जिन्यातच तिने माफीची जुळवाजुळव केली होती, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा. अन्वरीने दार उघडलं आणि ती दारातच उभी राहिली. बातमी आधीच पोचली होती. नूरुद्दीनचाचांचा फोन येऊन गेला होता.

"आपा, मला माफ..."

"थांब," अन्वरी म्हणाली. तिचे डोळे लाल होते. "कुणी सांगितलं होतं तुला कमिटीसमोर बोलायला? आता चाचालोकांना काय वाटेल? अहमदची पोरगी फीच्या भीतीने दुसऱ्यांची कामं करते. मी नापास झाले ते माझं होतं, नूरी. तेवढं तरी माझं होतं."

"मला वाटलं, हप्ता..."

"हप्ता मिळाला. शुक्रिया. आणि आता तू माफी मागणार. मग मी काय म्हणू? सांग ना, तू तर भाषणं देतेस. बदरुद्दीनचाचांच्या मुलीला मी नाही कसं म्हणणार?"

 हे वाक्य नूरीने आधी ऐकलं होतं. त्या वेळी ते तिला कौतुक वाटलं होतं.

मग तिला कळलं की माफीसुद्धा मागता येत नाही. अन्वरी देऊन टाकेल. द्यावीच लागेल. आणि तेही पुन्हा कर्जावरचं जास्तीचंच, व्याजच होईल. माफी मागायची तर कर्ज फिटल्यावर, जेव्हा अन्वरी तोंडावर दार आपटू शकेल तेव्हा. म्हणजे कॉलेज संपल्यावर, नोकरी लागल्यावर, केव्हा कोण जाणे. तोवर हे असंच पोटात घेऊन फिरायचं.

"मी माफी मागत नाही," नूरी म्हणाली. "आत्ता नाही. मी पुठ्ठा कापायला आलेय. नको असेल तर जाते. तू नको म्हटलंस तर मी अब्बांना काही सांगणार नाही. शप्पथ."

 "नको," अन्वरी म्हणाली.

नूरी मान खाली घालून जिन्याकडे वळली. तीन पायऱ्या चढली असेल.

"पायऱ्या कापता येतील तुला?" मागून आवाज आला. "सरळ? पट्टी धरून?"

"येतील. शिकेन."

त्या दिवसापासून नूरी रोज संध्याकाळी खाली जाऊ लागली. दोघी फारशा बोलत नसत. नूरी, जी आरशाशीसुद्धा बोलायची, ती दोन-दोन तास गप्प बसून वाचनालयाच्या इवल्या इवल्या पायऱ्या कापायची. वाकडी निघाली की अन्वरी न बोलता ती बाजूला टाकायची आणि नूरी नवी घ्यायची.

एका संध्याकाळी एसी बिघडला होता. अहमदचाचांनी तो उघडून जमिनीवर पसरला होता. नूरीच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम पुठ्ठ्यावर टपकायला आला. अन्वरीने फ्रिजमधून गार पाण्याची बाटली काढून तिच्यापुढे धरली.

"घे."

"नको, आपा."

"पाणी आहे. चहा नाही."

"पाणी चालतं की नाही मला नक्की माहीत नाही," नूरी म्हणाली. "अब्बांना विचारावं लागेल."

अन्वरीच्या ओठांचा कोपरा हलला. "अगदी बदरुद्दीनचाचांची पोरगी."

तिने बाटली नूरीच्या हाताला लागेल अशी टेबलावर ठेवली आणि ती छपराच्या कामाला लागली. बाटलीवरून थेंब ओघळत राहिले. नूरीने मनगटाने नाक पुसलं, पट्टी सरळ केली आणि पुढची पायरी कापायला घेतली.