ज्याने मारला त्याने मुलगा द्यायचा

थ्रेशर साहेब, क्रमाने: सिएरा लिओनमध्ये मॅजिस्ट्रेट. झांझिबारला बढती. मग आमच्या केनियात जज्ज. वरची पायरी सरन्यायाधीशाची.

मध्ये हा खटला.

आम्ही मेरू मुलखातले तीन म्हातारे त्याच्या कोर्टात असेसर होतो. म्हणजे साक्षी ऐकायच्या, मत सांगायचं. ते मानायचं की नाही, साहेबाची मर्जी.

किरिंयाने बिअर पिताना भांडणात म'इकियाराचा एकुलता एक मुलगा मारला. कबूलही केलं. आमच्या रीतीने निवाडा झाला. मेंढा कापला, शपथ झाली, आणि किरिंया म्हाताऱ्या म'इकियाराकडे मुलगा म्हणून राहायला गेला. त्याचं शेत खणू लागला.

कुणीतरी ठाण्यावर चुगली केली.

कोर्ट. सरकारी वकील म'इकियाराला: "आजोबा, न्याय नको का तुम्हाला?"

"झाला की. तो बघ, पिंजऱ्यात उभा केलायस. गुरं कोण बघणार माझी, तू?"

लोक हसले. साहेब नाही. त्याने विचारलं:

"ह्याने तुझा मुलगा मारला. आणि तू त्याला जेवू घालतोस?"

"तोच मला घालतो, ब्वाना. एक गेला माझा. दुसरा तू कशाला नेतोस?"

साहेबाचा मुलगा लढाईत, फ्रान्समध्ये, जर्मनांनी मारला होता. सगळ्या मेरूला ठाऊक होतं.

"माझ्या मुलाला मारणाऱ्याला मी दारात उभा केला नसता," साहेब म्हणाला.

"तुला कुणी दिलाच नाही, ब्वाना."

दुभाषा अडखळला. साहेब म्हणाला, "सांग." त्याने सांगितलं.

कोर्ट चहासाठी उठलं.

परतल्यावर आमची मतं. फाशी नको. फाशी नको. फाशी नको.

"आभारी आहे. मी सहमत नाही." आणि विगवर फाशीचं काळं फडकं.

गव्हर्नरने विचारलं, दया दाखवावी का? साहेब नको म्हणाला. असं ठाम उत्तर गव्हर्नरला आवडतं. किरिंयाला तुरुंगातच पुरला. साहेब सरन्यायाधीश झाला.

आम्ही तिघे पुढच्या खटल्यालाही बसलो. मत विचारलं. दिलं.

साहेब नव्या हुद्द्यावर निघाला त्या दिवशी म'इकियारा रस्त्यात उभा. गाडी थांबली. शिपाई धावला.

"बाजूला हो, म्हाताऱ्या!"

"तू गप. हे आमच्या दोघांतलं आहे." त्याने गाडीचं दार धरलं. "रीत तुला कोर्टात सांगितली होती, ब्वाना. ज्याने मारला त्याने मुलगा द्यायचा. तुझ्याकडे मुलगा नाही, मला माहीत आहे. मग तूच उतर. पाऊस तोंडावर आलाय, शेत तसंच पडलंय."

साहेबाने काच वर केली.