संभाजी येतो का

सुनीती आठल्ये यांच्या कादंबरीचं प्रकाशन म्हटलं की पुण्यातलं एखादं सभागृह निम्मं भरायचं. माणसं तीच. पहिल्या प्रकाशनाला जी काळ्याभोर केसांनी आली होती, ती आता गुडघ्यांना पट्टे बांधून येत, पुढच्या रांगेत बसून सगळी भाषणं ऐकत, आणि चहा झाला की पुस्तक चाळून परत टेबलावर ठेवत. गेल्या वेळी त्यातल्याही काही खुर्च्या रिकाम्या होत्या. त्या का रिकाम्या आहेत, हे विचारायची सोय नव्हती.

"तुझे वाचक रुसलेले नाहीत गं," बाईंचे यजमान केदार म्हणाले. "ते एकेक करून वर चाललेत." केदार बँकेतून निवृत्त झाले होते आणि दिवसातून एकदा असं काही बोलल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

पण ते खोटं नव्हतं. नवे वाचक हवे होते आणि ते मिळवायला बाईंनी काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. कॉलेजांत जाऊन बोलल्या. मुलांनी विचारलं, यातलं परीक्षेला किती येणार? खिडकीत पुस्तक धरून हसल्या आणि त्याचं रील केलं. ते बघणाऱ्यांत निम्मे आठल्येच होते. शेवटी त्यांनी ठरवलं, वाचत नाही ना, मग ऐका. नवी कादंबरी रोज थोडी थोडी स्वतः वाचायची आणि ज्याला हवी त्याला व्हॉट्सॲपवर पाठवायची.

तेव्हापासून कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये सकाळचा चहा झाला की संचारबंदी लागे. बेडरूमच्या खिडक्या बंद, पंखा बंद, मिक्सरला हात लावायचा नाही. फोन उशांच्या ढिगावर ठेवून बाई वाचत, आणि नेमकी द्वारका रडायला लागली की खाली भंगारवाला ओरडे. मग पुन्हा पहिल्यापासून.

द्वारका म्हणजे कादंबरीतली बाई. तिचा धाकटा भाऊ संभाजी तरुणपणी भांडून घर सोडून गेलेला आणि ती त्याची वाट पाहतेय. तो परत येतो की नाही, एवढीच गोष्ट. बाईंना मात्र ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, कारण शेवटचं प्रकरण त्या नेहमी सगळ्यांत आधी लिहीत. ते लिहून ड्रॉवरमध्ये ठेवल्याशिवाय त्यांना पहिलं वाक्य सुचत नसे.

ऐकणारे वाढू लागले. एकीने दुसरीला पाठवलं, भिशीच्या ग्रुपवर गेलं, कुणाच्या माहेरी गेलं, आणि असंच फिरत फिरत खडकीला पोपट साळवे यांच्यापर्यंत पोचलं.

साळवे दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. साखरेच्या आजाराने डोळे गेले होते. त्यांची मुलगी निकिता शाळेत शिकवायची. निघायच्या आधी ती बाबांना भाग लावून देई आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवी. बाकीचे लोक हात जोडलेली चित्रं धाडत. साळवे दोन वाक्यं बोलत आणि खोकत.

"ऐकलं मॅडम. द्वारकाबाई लई सोसतात. जरा बोलू द्या की त्यांना."

त्यांचं उत्तर आल्याशिवाय बाई आंघोळीला जात नसत. एकदा साळवे म्हणाले, "मॅडम, संभाजी येतो का हो? आमचा पण एक गेलाय. थोरला, अभय. त्याच्या लग्नावरून मी त्याला बोललो, नको ते बोललो. म्हणून विचारतो."

बाईंना भरून आलं. त्यांनी ते केदारना ऐकवलं, मग पुन्हा ऐकवलं. "बघा," त्या म्हणाल्या, "याला म्हणतात वाचक." आणि साळवेंना त्यांनी उत्तर पाठवलं, "ऐकत राहा हं."

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग संभाजी एस.टी.तून स्वारगेटला उतरला.

त्या दिवसापासून ऐकणाऱ्यांचा नुसता पूर आला. लोक पैजा लावू लागले. कुणी म्हणे घरी जाणार, कुणी म्हणे आल्या पावली परतणार. जे प्रकाशक एरवी बाईंचा फोन उचलायला खळखळ करत, त्यांनी आपण होऊन फोन केला आणि शेवटचा भाग सभागृहात वाचायचा घाट घातला. तारीख मिळाली ती पुढच्या रविवारची. आता तोवर काय करायचं? बाईंनी मधे नवे भाग घातले. संभाजी स्वारगेटला चहा प्यायला. मग त्याला जुना मित्र भेटला. मग त्याची पिशवी हरवली, आणि हरवली तशी सापडलीही. जन्मात जिने एक फालतू वाक्य छापू दिलं नव्हतं, ती बाई आता डोंबाऱ्यासारखी गर्दी थोपवून धरू लागली. आणि तिला ते आवडू लागलं, हे जास्त वाईट.

"आज पण स्वारगेटलाच?" साळवे म्हणाले. "अहो, रिक्षा मिळते की तिथनं." खोकला आता वाक्यापेक्षा लांब झाला होता.

त्यानंतर त्यांचं उत्तर आलं नाही. गुरुवारी निकिताचा फोन आला.

"मॅडम, मी साळवेंची मुलगी. बाबांना दवाखान्यातून घरी आणलंय. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. ते सारखं एकच विचारतायत. संभाजी येतो का. तेवढं सांगता का मला? मी कोणाला म्हणजे कोणालाच नाही सांगणार."

येतो. एवढा एक शब्द होता. बाईंच्या ओठांवर आलाही होता. पण शेवट असा उचलून कुणाच्या हातावर ठेवायचा नसतो, तिथवर चालत जावं लागतं, हे त्या उभा जन्म व्याख्यानांतून सांगत आल्या होत्या आणि दुर्दैवाने त्यांचा त्यावर विश्वास होता.

"अगं, एका शब्दात सांगितलं तर त्यात काय राहिलं?" त्या अगदी मायेने म्हणाल्या. "इतके दिवस मन लावून ऐकलंय त्यांनी. मी पूर्ण प्रकरण वाचून पाठवते. रविवारच्या आधी, फक्त त्यांच्यासाठी. उद्याच."

"उद्या नक्की ना?"

"नक्की."

मनात कुठेतरी सभागृहाचाही विचार होता का? होता. नाही म्हणायला जागा नाही.

शुक्रवारी वरच्या मजल्यावर फरशी फोडायचं काम निघालं. बाई वाचायला बसल्या की डोक्यावर मशीन घरघरायला लागे. वर जाऊन विनंती करून आल्या. तेवढ्यापुरतं थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"तसंच पाठव ना," केदार म्हणाले. "त्यांना काय करायचंय? तुझा आवाज कळला म्हणजे झालं."

"तसंच कसं? शेवटचं प्रकरण आहे ते."

केदार पेपर उचलून बाहेरच्या खोलीत गेले. संध्याकाळी काम थांबलं तेव्हा बाईंचा घसा बसला होता. सकाळी मोकळ्या आवाजात वाचू, असं त्यांनी ठरवलं.

शनिवारी सकाळी त्यांनी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि फोन हातात घेतला. निकिताचा निरोप आधीच येऊन पडला होता. बाबा पहाटे गेले.

रविवारी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. तरुण मुलंमुली जमिनीवर मांडी घालून बसली होती. संभाजी घरी आला, द्वारकेने दार उघडलं, आणि माणसं रडली. टाळ्या थांबेनात. ज्या दिवसासाठी बाईंनी इतकी वर्षं पानं खरडली तो दिवस हाच होता, आणि आपण तिथून उठून कुठेतरी निघून जावं, याखेरीज त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं.

साळवेंच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे दिवसकार्याच्या दिवशी त्या खडकीला गेल्या. केदार सोबत येतो म्हणाले, पण त्यांनी नको म्हटलं. बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या लावलेल्या, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली साळवेंचा फोटो, त्याला पांढरा हार. बाईंनी त्यांना आत्ताच प्रथम पाहिलं. आवाजावरून त्यांनी उंच, दणकट माणूस धरला होता. फोटोतला माणूस लहानखुरा होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. वंदना झाली, कारखान्यातले सोबती दोन दोन शब्द बोलले, मग पंगत बसली आणि निकिता बाईंच्या शेजारी येऊन टेकली.

"अभय?" बाईंनी हळूच विचारलं.

"कळवलं होतं. नाही आला."

क्षमा मागायला बाईंनी वाटेत रिक्षात वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही कामाला आलं नाही. "चुकलं गं माझं," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांना हुंदका आला आणि परक्या घरात, परक्या दुःखात आपण रडतोय याची लाजही वाटली.

निकिताने त्यांना पाणी दिलं. "मी सांगितलं त्यांना," ती म्हणाली. "शुक्रवारी उशिरापर्यंत वाट पाहिली, तुमचा भाग काही आला नाही. मग मीच कानाशी बसून सांगितलं. संभाजी आला, द्वारकाबाईंनी दार उघडलं, म्हणाल्या, हातपाय धू, जेवायला बस. मला काय तुमच्यासारखं येत नाही, मॅडम. सुचलं तसं सांगितलं."

बाईंनी पेला खाली ठेवला. त्यांच्या प्रकरणातही फार वेगळं काही नव्हतं. "मग? काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, हे तू रचलंस. मॅडम त्याला एवढ्यात घरी आणायच्या नाहीत, मला माहितीय त्यांचं."

"अगं, पण तो येतो!" बाईंचा आवाज चढला, तशी पंगतीतली दोन माणसं वळून बघायला लागली. "खरंच येतो. मी सगळ्यांत आधी तेच लिहून ठेवलं होतं. तू सांगितलंस ते खरं होतं, निकिता."

निकिता चिडली असती तर बरं झालं असतं.

"मला कुठे माहीत होतं?" ती म्हणाली. "मी पण खोटं समजूनच सांगत होते." आतून कुणीतरी वाढायला हाक मारली, तशी ती उठून गेली.