दुसरी प्रत

उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस मंगळवार होता. दुपारी सव्वातीनला ट्रूडी यूरिक बुटांचा बर्फ पायपुसण्यावर झटकत निवडणूक कार्यालयात शिरली. काचेपलीकडे बर्निस हुडाक बसली होती. त्या खुर्चीत तिला सव्वीस वर्षं झाली होती. ट्रूडी आणि ती एकाच शाळेत शिकलेल्या, एकाच चर्चमध्ये जाणाऱ्या. पण बर्निसला त्या दिवशी ती यायला नको होती.

ट्रूडी कशाला आली आहे हे सगळ्या लॅरिमोर जिल्ह्याला ठाऊक होतं. तिची मुलगी शॅनन, सव्वीस वर्षांची, कोर्टाची तारीख चुकवली म्हणून नोव्हेंबरात जिल्ह्याच्या तुरुंगात गेली होती. तिला मधुमेह होता. दोन दिवस ती इन्सुलिन मागत राहिली, तिसऱ्या दिवशी सकाळी कोठडीत मेलेली सापडली. मृत्यूचं कारण ठरवायचं काम कोरोनर वेंडेल हासचं. त्याने शवविच्छेदन न करताच 'नैसर्गिक मृत्यू' असं लिहून टाकलं आणि प्रकरण मिटवलं. हे पद इथे निवडणुकीने मिळतं. हास पाच वेळा निवडून आला होता, कारण पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत त्याच्याविरुद्ध कधी कुणी उभंच राहिलं नाही. आणि या खाणींच्या डोंगराळ जिल्ह्यात प्राथमिक जिंकली की झालं, दुसऱ्या पक्षाला कुणी विचारत नाही. आता त्याच्याविरुद्ध ट्रूडी उभी राहत होती.

"एकशे त्र्याऐंशी आहेत," ट्रूडीने सह्यांचे कागद काचेखालून सरकवले. "शंभरच लागतात ना? अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये शुक्रवारी माशांची जेवणावळ होती, तिथे दारातच उभी राहिले. हासचा मेहुणासुद्धा सही करून गेला. म्हणाला, कुणाला बोलू नकोस."

"मग मला कशाला सांगतेस?" बर्निस म्हणाली, आणि दोघी हसल्या. शॅनन गेल्यापासून बर्निसने तिला हसताना पाहिलं नव्हतं.

तिने कागद तपासले. सह्या, पत्ते, तारखा, शपथपत्र, सगळं नीट होतं. शेवटी उमेदवाराच्या उत्पन्नाचं विवरण होतं. याची एक प्रत अर्जासोबत इथे द्यायची असते आणि दुसरी वरच्या मजल्यावर, जिल्हा आयुक्तांच्या कार्यालयात, त्याच दिवशी पाचच्या आत. ट्रूडीने एकच आणली होती. नियम पुस्तिकेत होता, पान एकोणीस, बारीक अक्षरात. दर निवडणुकीत कुणीतरी नवखा त्यात अडकायचा.

पूर्वी बर्निस सांगून टाकायची. 'वर पण एक देऊन या बरं का.' तीन वर्षांपूर्वी तिने एका म्हाताऱ्याला असंच सांगितलं आणि समोरच्या उमेदवाराच्या वकिलाने कार्यालय पक्षपात करतंय म्हणून तक्रार केली. तेव्हापासून तिच्या नावावर एक लेखी ताकीद होती. तिचा साहेब क्रेग लोमन, तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, त्या दिवशी सकाळीच म्हणाला होता, "आज कुणालाही सल्ला द्यायचा नाही, बर्निस. कागद घ्या, शिक्का मारा. पुन्हा काही झालं तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही." निवृत्तीला अकरा महिने उरले होते. नवरा लिओ खाणीत फुप्फुसं घालवून घरी ऑक्सिजनवर होता, आणि त्याचा विमा बर्निसच्या नोकरीवर चालत होता.

क्रेगच्या खोलीचं दार उघडं होतं.

"झालं ना सगळं? अजून काही राहिलंय का?" ट्रूडीने विचारलं.

बर्निसने शिक्का मारला. "कागद घेतले तुझे," ती म्हणाली.

ट्रूडीने मान डोलावली. ते उत्तर नव्हतं, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

ती तिथून निघून गेली असती तरी बरं झालं असतं. पण तिला न्यायला येणाऱ्या बहिणीची गाडी घाटात अडकली होती, म्हणून ती बाहेरच्या बाकावर मशीनची कॉफी घेऊन बसली. चार वाजता बर्निस कपाटाकडे जायच्या निमित्ताने बाहेर आली. जिना बाकापासून दहा पावलांवर होता. ट्रूडीने तिच्याकडे पाहून कप उंचावला. बर्निस म्हणाली, "थंडी आहे ना?" आणि आत गेली. साडेचारला ती पुन्हा बाहेर आली. या वेळी तिने तोंड उघडलंही होतं, पण क्रेग मागून फाइल घेऊन आला. पाच मिनिटांनी बहीण आली आणि ट्रूडी गेली. पाच वाजता बर्निसने दाराला कुलूप लावलं आणि स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली.

हरकत घ्यायला सात दिवस होते. हासच्या वकिलाने सातव्या दिवशी ती दाखल केली. सह्यांबद्दल त्यात अक्षरही नव्हतं. दुसरी प्रत वर पोचली नाही, एवढंच.

सुनावणीत ट्रूडीला वकील नव्हता. नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करून ती तशीच, कामाच्या निळ्या कपड्यांत आली होती. हास दुसऱ्या रांगेत गुडघ्यावर टोपी ठेवून बसला होता. बर्निसची साक्ष झाली. इथे प्रत मिळाली? मिळाली. वर? नोंद नाही. मग न्यायाधीशांनी ट्रूडीला विचारलं, साक्षीदाराला काही विचारायचं आहे का?

ती उभी राहिली. "बर्निस, मी तुला विचारलं होतं ना, अजून काही राहिलंय का म्हणून?"

"विचारलं होतंस."

"तू काय म्हणालीस?"

"कागद घेतले म्हणाले."

"मी त्यानंतर तासभर त्या बाकावर बसले होते. तुला माहीत होतं?"

हासचा वकील हरकत घ्यायला उठला. न्यायाधीश त्याच्याशी सहमत झाले. नियम पाळण्याची जबाबदारी उमेदवाराची. कर्मचाऱ्याला काय माहीत होतं, याला महत्त्व नाही. साक्षीदाराने उत्तर देण्याची गरज नाही.

"होतं," बर्निस म्हणाली.

न्यायाधीशांनी ते नोंदीतून काढायला सांगितलं. ट्रूडी क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग असता तर बर्निसला सोसला असता. पण ट्रूडी एखाद्या अनोळखी बाईकडे बघावं तशी बघत होती. मग ती खाली बसली. वीस मिनिटांत तिचं नाव यादीतून गेलं.

बर्निसला कुणी काही केलं नाही. उलट क्रेग म्हणाला, "नियमाने वागलात." घरी लिओने नळी बाजूला करत विचारलं, "माझ्यासाठी केलंस का?" ती म्हणाली, "गप्प बस आणि सूप पी." तो प्यायला नाही.

मे महिन्यात मतदान झालं. छापील मतपत्रिकेवर एकटा हास होता, पण मतदाराला खालच्या कोऱ्या ओळीवर स्वतःच्या हाताने नाव लिहिता येतं. ट्रूडीच्या बहिणीने घरोघरी चिठ्ठ्या वाटल्या होत्या. बर्निसनेही पडद्याआड पूर्ण नाव लिहिलं, अक्षर न अक्षर बरोबर.

शुक्रवारी हाताने लिहिलेल्या नावांची मोजणी झाली. 'टी. यूरिक' चाललं. 'ट्रूडी युरीक' चाललं. मग बर्निसच्या हातात एक मतपत्रिका आली, त्यावर लिहिलं होतं, 'शॅननची आई'. अशा एकूण चौदा निघाल्या.

"बाद," क्रेग म्हणाला. "हे नाव नाही."

"ती कोण ते या जिल्ह्यात लहान पोरालाही ठाऊक आहे, क्रेग."

"ठाऊक असणं नियमात बसत नाही, बर्निस."

"तरी माझी हरकत लिहून घ्या."

त्याने लिहून घेतली. मतपत्रिका बाद गठ्ठ्यातच गेल्या. हासला चार हजार दोनशे बारा, ट्रूडीला सहाशे अकरा.

सोमवारी ट्रूडी निकालाचा कागद न्यायला आली. काचेपलीकडून तिने फक्त हात पुढे केला. बर्निसने कागद दिला आणि त्या चौदांबद्दल सांगितलं. ते सांगायलाही तिला मनाई होती.

ट्रूडी थांबली. "कुणी लिहिलं होतं?"

"ते कळत नाही."

"कळत नाही की सांगत नाहीस?"

"कळत नाही, ट्रूडी. शपथ."

"शपथ, आणि तीही तुझी," ट्रूडी म्हणाली. तिने कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाला वाट करून दिली.