गावाकडची

पुनाख्याच्या खोऱ्यात गाड्या चहाला थांबल्या, तेव्हा रस्त्याच्या खालच्या अंगाला भातलावणी चालली होती. राजेश्वरीने हेल्मेट नवऱ्याच्या, आदिनाथच्या, हातात दिलं, बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कुणाला काही न विचारता ती चिखलात उतरली. भूतानी बायका आधी दचकल्या, मग हसल्या, मग एकीने रोपांची मूठ तिच्या हातात दिली. राजेश्वरीचं हिंदी यथातथाच, त्या बायकांना मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता. तरी त्यांचं काहीतरी जोरजोरात चाललं होतं. आदिनाथने तिला इतकं मोकळं हसताना क्वचितच पाहिलं होतं.

वर रस्त्यावर बाकीची जोडपी खोळंबली होती. सगळी पुण्याची. ही मोटारसायकलची सहल जमवणारा गौरव म्हणाला, "वहिनींना आवरायला सांग रे. पुढे घाट आहे."

त्याची बायको अपेक्षा फोटो काढता काढता हसली. "कसली भारी आहे ही! शेतातली सवय आहे का तिला?"

प्रश्न साधा होता, पण आदिनाथची कानशिलं तापली.

"गावाकडची आहे ना ती," तो हसत म्हणाला. "मी लोणावळ्याचा. मला कुठलं जमतंय असलं!"

सगळे हसले. त्याने मान वळवली तर राजेश्वरी वर येऊन उभी होती. पोटऱ्या चिखलाने माखलेल्या, हातात बूट.

खरं तर दोघंही परंदवडी या खेड्यातलीच. लग्नाआधीपासून एकमेकांची घरं ठाऊक असलेली. आदिनाथ जवळच्या कारखान्यात सुपरवायझर होता. रविवारी गाडी काढून लोणावळ्याला नाश्त्याला जायचा, तिथे या मंडळींची ओळख झाली. "कुठला तू?" असं कुणी विचारल्यावर "इथलाच, लोणावळ्याचा" असं तोंडून गेलं, आणि मग ते तसंच राहिलं. परंदवडी कुठे आली ते सांगत कोण बसणार, अशी तो स्वतःची समजूत घालायचा.

राजेश्वरी गाडीवर बसली. नेहमी त्याच्या कमरेला धरायची, तिने मागची दांडी धरली. संध्याकाळी खोलीवर आल्यावर म्हणाली, "जेवायला किती वाजता जायचं आहे?"

"आगं, आशी काय बोलतीस?"

"कशी? बरोबर बोलते आहे ना?"

ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडली नाही. उरलेल्या प्रवासात तिने एकदाही 'न्हाई' म्हटलं नाही, की 'कुटं' म्हटलं नाही. अपेक्षाने कौतुक केलं, "वहिनी किती छान बोलायला लागल्या!" आदिनाथला मुस्काटात बसल्यासारखं झालं.

घरी आल्यावरही तेच. सासूशी, झुंबरबाईशी, ती पूर्वीसारखंच बोले. "आत्या, भाकरी थापू का वं?" आणि लगेच त्याच्याकडे वळून, "तुम्हाला वाढू का?" झुंबरबाईला वाटलं, परदेश बघून सून नवऱ्याला जास्तच मान द्यायला लागली.

पुढे सहलीतल्या मंडळींनी लोणावळ्यात तुंगार्लीला एक बंगला घेऊन भेटायचं ठरवलं. राजेश्वरी मुकाट्याने आली. जेवताना अपेक्षाने सहज विचारलं, "आदिनाथ, तुझं घर इथेच कुठेतरी ना? आज दाखवच."

त्याने ताट खाली ठेवलं. "माझं घर परंदवडीला आहे. सोमाटण्याजवळ. मीही गावचाच, हिच्याइतकाच. खोटं बोललो होतो."

गौरव म्हणाला, "अरे, आम्हाला अंदाज होताच. फोनवर आईशी बोलायचास तेव्हा कळायचं की. तुला आवडत नसेल म्हणून कुणी काढलं नाही." आणि त्याने रस्सा पुढे सरकवला.

म्हणजे ज्यांच्यासाठी झाकलं, त्यांना ते आधीच दिसत होतं. त्यांनीच याची कीव करून डोळे मिटून घेतले होते. आदिनाथला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

परतीच्या वाटेवर कामशेतला तो पेट्रोल भरायला थांबला. भरून झाल्यावर गाडी बाजूला घेत म्हणाला, "सांगितलं म्या समद्यांना."

राजेश्वरीचा बांध तिथे फुटला. "मंग तवा का न्हाई सांगितलं? मी चिखलात हुबी व्हते तवा? आज पंख्याखाली बसून सांगितलं, लय उपकार झालं!"

"लाज वाटली गं."

"कुनाची? माजी?"

तो टाकीचं झाकण उगाच पुन्हा दाबत राहिला.

"आन् तुमची आय आसती तितं, तर तिची बी वाटली आसती?"

'न्हाई' म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण तसंच मिटून गाडी सुरू केली.

अंगणात झुंबरबाई वाट बघत होती. "भेटलं का दोस्त? आरं, येकदा घरी आन की त्यास्नी. माजं बगायचंच ऱ्हायलंय."

राजेश्वरी दारात थांबली, त्याच्याकडे बघत. आदिनाथच्या डोळ्यांसमोर आपली पत्र्याची पडवी आली, आईचे भेगाळलेले पाय आले. असल्या वेळी आपल्याला हेच दिसावं, याचीच त्याला मेल्याहून मेल्यासारखी शरम वाटली. त्याने मोबाइल काढला.

"गौरव, पुढच्या रविवारी सगळे आमच्याकडे या. आईनं बोलावलंय." पलीकडून पत्ता विचारला असावा. तो जरा अडखळला, मग आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सोमाटण्यावरनं आत या. परंदवडी. कुणालाबी इचारा, झुंबरबाईचं घर."

राजेश्वरीच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही.

"किती जन येनार, ते इचारून ठेवा," एवढंच म्हणून ती आत गेली.